उन्हास छत्र धरिले त्याची बखर

श्री. जो रोज न बोलाविता येतो आणि आल्याबद्दल विडा मागत नाही त्या आकाशीच्या नारायणास प्रथम नमन, जो पगडी उडवितो परंतु पगडी ठेवून घेत नाही त्या वायूस नमन, जी वाटेवरल्या सर्वांचे धुणे धुऊन कोणास बोल लावीत नाही त्या नदीस नमन, आणि श्रोत्यांनी सुपारी कातरून सावलीस बसावे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, ते समयी दर्यापासून घाटमाथ्यापर्यंत पसरलेले एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याचा हुकूम नाही, सबब लिहिले नाही. मुलूख उष्ण. ऊन ऐसे की अंगणात पापड घालून आत जाऊन पाणी पिऊन यावे तो पापड वाळलेला असावा आणि शेजारणीने तळून खाल्लेलाही असावा. वारा ऐसा की घाटमाथ्यावरची माणसे एकमेकांच्या कानास लागून बोलत, नाहीतर इकडचा निरोप पलीकडच्या गावी पोहोचे आणि सोयरिकी मोडत. नद्या बारमाही, उड्या मारीत उतरणाऱ्या. उसाचे मळे मोठे आणि चिपाडांचे ढीग त्याहून मोठे. गाईम्हशी इतक्या की शेणाची गोष्ट काढू नये. आणि एके डोंगरी जमिनीतून कढत पाणी वर येई, त्यात गुरव मंडळी फडक्यात तांदूळ बांधून भात शिजवीत, आणि देवास दाखवून आपण खात. येणेप्रमाणे परमेश्वराने या राज्यास काही द्यावयाचे ठेवले नव्हते. ऐसे असता दिवे, पंखे, पिठाच्या गिरण्या आणि महाराजांच्या दिवाणखान्यातले झुंबर हे सर्व चालत असे परमुलखीच्या दगडी कोळशावर, आणि तो कोळसा जहाजाने येत असे.

कारण पुसाल तर वडिलांपासूनची समजूत ऐसी की, दारात आपणहून येते ते हलके आणि लांबून बोलावून आणावे ते भारी. म्हणून कोळशाचे जहाज बंदरास लागले म्हणजे तोफा होत, आणि मग पहिल्या पाटीस हळदकुंकू वाहत, आणि मग त्यातले एक देखणे ढेकूळ निवडून पालखीत घालून गडावर नेत, आणि मानकरी ओळीने उभे राहून त्यास मुजरा करीत, आणि मग हात धुवावयास जात. ऊन मात्र रोज गडावर पडे, त्यास कोणी मुजरा केल्याचे ऐकिवात नाही. त्यात लोक मिरच्या वाळवीत.

हा कोळसा आणणारा एक टोपीकर होता. त्याचे मूळ नाव आपल्या जिभेस वळत नसे, सबब सर्व त्यास कोळसेसाहेब म्हणत, आणि त्यास तो किताब वाटून तो खूश असे. गृहस्थ गोड, हसरा, आपल्या भाषेत दोन म्हणी शिकलेला, त्या दोन्ही भलत्या ठिकाणी वापरी. त्याने त्या वर्षी आषाढात हुजुरात येऊन नजराणा ठेवला आणि अर्ज केला जे, "महाराज, आता आम्हास पैका नको. जहाज आमचे, माल आमचा, आणि बंदर दुसऱ्याचे, हे बरे दिसत नाही. दसऱ्यास कोळसा पाहिजे असेल तर शिंपले बंदर आमचे नावे करून द्यावे. अति तेथे माती." म्हण कशास घातली ते कोणास कळले नाही, परंतु बंदराचे सर्वांस कळले आणि सर्वांनी महाराजांकडे पाहिले.

कारण शिंपले बंदर महाराजांच्या वडील भगिनी सगुणाबाई ताईसाहेब यांस चोळीबांगडीस दिले होते. ताईसाहेबांस लहान वयात वैधव्य आले आणि माहेरी आल्या, तेव्हा थोरल्या महाराजांनी गडावर एक दालन आणि जपमाळ दिली. त्यांनी जपमाळ परत केली आणि बंदर मागितले. ते समयी तेथे चिखल आणि खेकडे होते. त्यांनी धक्का बांधविला, मासळी वाळविण्यास ओटे घातले, वादळात अडकलेल्या गलबतांस दोर टाकणारी माणसे ठेविली, आणि धक्क्यास लागून आपले घर बांधिले, आणि संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून परतणारी गलबते पाहू लागल्या. कोणते गलबत यावयाचे राहिले हे तांडेलाच्या बायकोच्या आधी ताईसाहेबांस कळे. त्यांस दुसरे घर नव्हते, आणि दुसरे कोणी देऊ म्हटले तरी त्यांस नको होते. तेव्हा बंदर जाणे म्हणजे ताईसाहेबांनी त्या वयात पुन्हा गडावर येऊन जपमाळ हाती घेणे, हे सर्वांस ठाऊक होते, आणि महाराजांस सर्वांहून अधिक ठाऊक होते.

महाराजांचे नाव आबासाहेब. स्वभावे मेणाहून मऊ. समोर नजराणा ठेवलेल्या माणसास नाही म्हणणे त्यांच्याने होत नसे, आणि ठेवला नसला तरी होत नसे. ताईसाहेबांस खबर लागली आणि त्या मेण्यात बसून गडावर आल्या आणि आत महाली बहीणभावाचे बोलणे जाहले. ताईसाहेब पुसत्या जाहल्या, "आबा, तू त्यास हो म्हणालास?"

महाराज म्हणाले, "हो कोठे म्हणालो? बघू म्हणालो."

"तुझ्या बघूत आजवर दोन गावे आणि एक हत्ती गेला आहे."

"हत्ती आजारी होता, ताई."

"आणि बंदर काय आजारी आहे?"

महाराजांनी खाली पाहिले आणि अंगठी फिरवू लागले, आणि म्हणाले, "कोळसा नाही आला तर दसऱ्यास गडावर अंधार. लोक काय म्हणतील? राजाच्या दारी दिवा नाही म्हणतील."

ताईसाहेब म्हणाल्या, "आणि राजाच्या बहिणीस घर नाही म्हणतील, ते चालेल?"

तेथे महाराजांचे डोळे भरले आणि त्यांनी तातडीने दिवाणास बोलाविले, कारण डोळे भरले म्हणजे दिवाणास बोलाविणे ही त्यांची रीत होती. दिवाण विसाजीपंत, माणूस सडपातळ, नाकावर घाम, बोलणे थोडे. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "महाराज, वीज कोळशात नसते. कोळसा जाळून चाक फिरवितात, ते चाक वीज देते. चाक फिरविणारे दुसरे कोणी भेटले तर कोळशाचे काय काम? वारा फिरवील, नदी फिरवील. आणि उन्हास तर चाकही लागत नाही. काळ्या काचेचे तक्ते निघाले आहेत, उन्हात ठेवले की वीज देतात. आपल्या मुलखात कशाची वाण आहे?"

महाराज म्हणाले, "खरेच? मग आजवर कोणी सांगितले का नाही?"

पंत म्हणाले, "आजवर कोणी पुसले नाही."

मग दरबार भरला आणि तबकात विडा ठेविला आणि विसाजीपंतांनी विडा उचलिला, आणि करार ऐसा ठरला की, दसऱ्याचे सायंकाळी गडाचे सर्व दिवे कोळशावाचून लागले तर कोळसेसाहेबाने आपले जहाज घेऊन सुखे जावे, आणि न लागले तर शिंपले बंदर त्याचे. कोळसेसाहेबाने तत्काळ मान्य केले. तो या दरबारास बहुत वर्षे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजी म्हणून दिसली नाही.

मग पंत तट्टावर बसून मुलूखगिरीस निघाले, बरोबर विजेचे जाणते घेतले, आणि ही मुलूखगिरी ऐसी की कोणाचे काही लुटावयाचे नाही, आपलेच आपण पाहावयाचे. गडाखाली मोठा उजाड माळ होता, तेथे गुरेसुद्धा चरावयास जात नसत, तेथे उन्हाचे तक्ते मांडविले. घाटमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या केल्या, त्यांची पाती पाहून रानडुकरे पळाली ती अद्याप आली नाहीत. नदीच्या उडीखाली दगडी घर बांधून आत चाक बसविले. चिपाडे जाळून गुळाची गुऱ्हाळे स्वतःच्या विजेवर चालू लागली. पागेच्या मागे शेणाचे मोठे कुंड केले आणि त्याचा वायू नळीने मुदपाकखान्यात नेला, त्यावर आचाऱ्यांनी प्रथम रुसवा धरला, मग नाक धरले, आणि मग फुंकणीने डोळे लाल होत नाहीत हे ध्यानी आल्यावर काहीच न धरिता स्वयंपाक करू लागले. पंतांनी हुजुरात येऊन सांगितले जे, "महाराज, राज्यास पुरून उरेल इतके आहे. शेजारच्या राज्यास द्यावे इतके आहे." महाराज संतोष पावले आणि म्हणाले, "मग हे सर्व आजपासून सरकारी." आणि हेच बोलणे भोवले.

कारण सरकारी म्हटले म्हणजे ते दाजीबांकडे जाई. दाजीबा हे सरमानकरी, म्हणजे दरबारातल्या मानपानाचे मुख्य. वय जाहलेले, मिशा पांढऱ्या, कमरेत वाकले तरी मुजरा वाकला नाही. त्यांच्या घराण्यात पिढ्यांचा नेम होता की जी वस्तू राजाची तिचा मान राजाचा. महाराजांच्या घोड्यावर छत्र असे. महाराजांच्या हुक्क्यावर छत्र असे. महाराजांचे लोणचे वरच्या माडीतून खाली येई तेव्हा बरणीवर छत्र धरून आणीत, आणि जिन्यात अडके, तरी धरीत. दाजीबा माळावर गेले आणि पाहतात तो काय, सरकारी तक्ते भर दुपारी उघड्यावर. त्यांनी गावोगावचे शिंपी बसविले आणि प्रत्येक तक्त्यावर जरीच्या झालरीचे एक एक छत्र उभे केले, आणि खाली उभे राहून पाहिले आणि म्हणाले, "आता कसे गारगार जाहले."

मग घाटावर गेले. तेथे पवनचक्क्या वारा फिरेल तशा फिरत होत्या, आणि वारा पश्चिमेचा जाहला तेव्हा साऱ्यांनी मिळून तख्ताकडे पाठ केली. दरबारात तख्ताकडे पाठ करणारास देहदंड होता. दाजीबा दयाळू, त्यांनी दंड केला नाही, लोहार बोलाविले आणि चक्क्यांच्या माना गडाकडे तोंड करून खिळवून टाकिल्या. मग नदीवर गेले. सरकारी घरात ललकारीवाचून कोणी शिरू नये हा नियम, आणि पाणी तर सरळ आत घुसत होते. तेथे दार बसविले आणि एक भालदार ठेविला, त्याने "पाणी येत आहे हो, निगाह रखो" ऐसे पुकारावे, मग दार उघडावे, एक घागर आत घ्यावी, दार लावावे, आणि पुन्हा पुकारावे. भालदार दोन दिवसांत बसल्या आवाजाचा जाहला आणि पाणी बाहेर तुंबून राहिले.

याप्रमाणे सर्वांस योग्य मान मिळाल्यावर दसरा जवळ आला, आणि चाचणी म्हणून गडावर एक दिवा लाविला. तो लागला. काजवा लागावा तैसा लागला, आणि ओशाळल्यासारखा विझला. पंत आजारी पडून घरी निजले होते, घाटातल्या वाऱ्याने त्यांस ताप भरला होता, आणि विजेच्या जाणत्यांस दरबारात बोलावयाचा मान नव्हता, सबब सांगणारे कोणी नाही. दरबारच्या पंडितांनी विचार करून निर्णय दिला की, आपल्या मुलखाचे ऊन दिसावयास भारी परंतु आत पोकळ आहे, आणि वारा उनाड आहे, आणि पाणी पातळ आहे. कोळसेसाहेब तेथे होता. तो हसून म्हणाला, "महाराज, आमच्या देशी ऊन फार थोडे पडते, म्हणून ते जपलेले असते. मर्जी असेल तर जहाजाने पाठवीन." आणि महाराज खाली मान घालून म्हणाले, "बघू."

ही बातमी बंदरात गेली आणि तेथे चूल पेटली नाही. ताईसाहेब मात्र मेण्यात बसल्या आणि म्हणाल्या, "माझे घर जावयाचे तर ते कोणत्या कारणाने जाते ते मी डोळ्यांनी पाहीन," आणि गडावर न जाता सरळ माळावर आल्या. भर दुपार होती. मेण्याचा पडदा सारून पाहतात तो माळभर जरीच्या झालरी हालत आहेत, आणि खाली गार सावलीत काळे तक्ते निवांत पडले आहेत, आणि एका तक्त्यापाशी कुत्रे झोपले आहे. दाजीबा पुढे येऊन मुजरा करते जाहले.

ताईसाहेबांनी विचारिले, "दाजीबा, हे काय?"

"छत्रे, ताईसाहेब."

"ती दिसली. कशास?"

दाजीबा म्हणाले, "सरकारी माल. ऊन लागू नये म्हणून."

ताईसाहेब मेण्याच्या दांडीवर बसल्या आणि पदर तोंडास लावून हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या, आणि भोयांस कळेना की हसतात की रडतात. मग म्हणाल्या, "दाजीबा, तुम्ही माझ्या बारशास घुगऱ्या वाटल्यात. तुम्हास रागे भरवत नाही. ही छत्रे मिटा."

दाजीबांचा रंग उडाला. म्हणाले, "ताईसाहेब, माझी मान घ्या. राजाच्या वस्तूवरले छत्र मिटणे म्हणजे छत्रभंग. राज्य जाईल."

"ती न मिटली तर माझे बंदर जाईल."

"बंदराचे मी जाणतो. चार रात्री झोप नाही मला." आणि म्हातारा खरेच रडवेला जाहला. "आपल्या घरासाठी मी माझे घर देतो, ताईसाहेब, घेऊन टाका. पण छत्रास हात कसा लावू? रीत आहे."

ताईसाहेबांनी जाणिले की या माणसास हुकूम वाकविणार नाही, आणि हुकूम आणावयाचा तो आबाकडून, म्हणजे तो बघू म्हणणार. रीत मोडवत नाही त्यास रीतच दाखविली पाहिजे. मग त्यांनी पानाचा डबा काढिला, दाजीबांस समोर बसविले, आणि निवांत पुसू लागल्या जणू दुपारच्या गप्पाच, "दाजीबा, मला बाईमाणसास दरबारी मान कळत नाहीत. राजा कोणापुढे छत्र मिटतो काय?"

दाजीबा म्हणाले, "मिटतो तर. देवापुढे मिटतो, आणि वडिलांपुढे मिटतो. थोरले महाराज समोर आले की आबासाहेब जोडे काढीत आणि छत्र मिटवीत. वडिलांपुढे छत्र धरणे हा मोठा बेअदबीचा प्रकार."

"त्यास छत्रभंग म्हणत नाहीत?"

"छे. ती अदब."

"बरे. आणि आपले घराणे कोणत्या वंशातले?"

"सूर्यवंश," दाजीबा ताठ होऊन म्हणाले. "यात काय पुसणे?"

"मग घराण्याचा मूळपुरुष कोण जाहला?"

दाजीबांनी हळू हळू मान वर केली. सूर्य माथ्यावर होता. दाजीबांनी डोळ्यांवर हाताची सावली धरिली, आणि मग काय वाटले कोण जाणे, तो हातही घाईने खाली घेतला, आणि पायातले जोडे काढून लांब टाकिले, आणि म्हणाले, "ताईसाहेब, मूळपुरुष रोज दारी येतात, आणि आम्ही त्यांचे तोंडावर छत्र धरून बसलो."

ताईसाहेब म्हणाल्या, "आणि मिरच्या वाळवीत बसलो. चालायचेच. वडील माणूस आहे, मनास लावून घेत नाही."

मग दाजीबांनी कोणास हाक न मारिता स्वतः जाऊन पहिले छत्र मिटिले, आणि मग दुसरे, आणि हुजरे मदतीस धावले त्यांस म्हणाले, "आधी जोडे काढा, गाढवांनो, वडील पाहत आहेत." कुत्रे उठून गेले. आणि दाजीबांस आता असे स्फुरण चढले की ते स्वतःच पुसू लागले, "वाऱ्याचे काय, ताईसाहेब? वारा आपला कोण लागतो?"

ताईसाहेब म्हणाल्या, "वारा पाहुणा. दर्यावरून येतो, माझ्या धक्क्यावरून पुढे येतो. पाहुणा आला म्हणजे यजमानाने काय करावे?"

"सामोरे जावे."

"मग?"

"पण तख्ताकडे पाठ होते त्याचे काय?"

"पाहुणा दारात उभा असता यजमान तख्ताकडे तोंड करून बसला तर त्यास कोणी शहाणा म्हणेल काय? दाजीबा, तुमच्या सूनबाईच्या माहेरची माणसे आली तेव्हा तुम्ही कोणीकडे तोंड केले होते?"

दाजीबा म्हणाले, "ते आठवण देऊ नका. मी देवघरात होतो. अद्याप ऐकतो आहे." आणि त्याच पावली लोहारांस घाटावर पाठविले. मग नदीचे निघाले, तेव्हा ताईसाहेबांस सांगावे लागले नाही. दाजीबा आपणच बोलले, "नदी तर आपल्या घाटावर जन्मलेली, सासरी दर्यास चाललेली. म्हणजे लेक. आणि लेकीस दारात उभी करून मी ललकारी पुकारवीत होतो." आणि डोळे पुसून म्हणाले, "दार काढून टाका. लेकीस दार नसते." आणि भालदारास मध व आले देऊन घरी पाठविले.

मग दसरा उजाडला तो आभाळ घेऊनच. परतीचा पाऊस घाटावर उतरला, आणि मूळपुरुष ढगाआड गेले, आणि माळावरले तक्ते ओले होऊन बसले. कोळसेसाहेब नवा कोट घालून गडावर आला, त्याने आभाळाकडे पाहिले आणि बंदराची किल्ली ठेवावयास बरोबर पिशवी आणिली होती ती मांडीवर नीट केली. त्यास मेजवानी जाहली, श्रीखंड आणि पुऱ्या, पुऱ्या त्याने चार वेळा मागून घेतल्या आणि पुसले की यास कोणते सरपण, इतक्या खमंग कशा. पंत ताप उतरून पांघरूण लपेटून आले होते, त्यांनी खरे ते सांगितले. साहेबाने हातातल्या पुरीकडे पाहिले, विचार केला, आणि खाऊन टाकिली. महाराज पुरीचे तुकडे करीत बसले. ताईसाहेब स्त्रियांचे बाजूस बसल्या होत्या. त्यांनी बंदराहून येते समयी घरास कुलूप घातले नव्हते, कारण कुलूप घातले तर आपण मनाने घर सोडले ऐसे होईल, इतके एकच त्या कोणाशी बोलल्या.

सांजवेळ जाहली. दिवे लावण्याचा इशारा करणे महाराजांकडे, आणि महाराजांचा हात उठेना. दाजीबा पंतांचे कानी लागून म्हणाले, "ऊन तर नाही. आता?" पंत म्हणाले, "ऊन नाही, पण पाऊस कोठे पडतो आहे ते पाहा. ज्या ढगाने ऊन झाकिले तोच नदी भरतो आहे, आणि त्यास ढकलून आणणारा वारा घाटावरच आहे. या मुलखात सर्व एकदम रजेवर जात नाहीत, दाजीबा. एक गेला की दुसरा कामावर येतो. घरच्या माणसांचे असेच असते." महाराजांनी हे ऐकिले, आणि जन्मात प्रथमच बघू न म्हणता हात वर केला.

आणि दिवे लागले. प्रथम बुरुजावरचे, मग तटावरचे, मग वाड्याचे, मग झुंबर, आणि खाली गावात घराघरांत. खालून लोकांचा आवाज उठला तो गडावर ऐकू आला. महाराज तटाच्या कडेस गेले आणि गड सोडून लांब दर्याकडे पाहू लागले. तेथे काळोखात एक ओळ उजळली होती, शिंपले बंदराचा धक्का, आणि त्याच्या टोकाशी एक दिवा वेगळा, पायरीवरचा. महाराजांनी बहिणीस हाक मारिली आणि म्हणाले, "ताई, तुझे घर दिसते आहे." ताईसाहेबांनी पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "गलबते तीन यायची आहेत. मला निघाले पाहिजे." आणि मेणा मागविला.

कोळसेसाहेबाने करार पाळिला, हे त्याच्या बाजूने लिहिले पाहिजे. तो दुसरे दिवशी बंदरावर आला, ताईसाहेबांनी त्यास नारळ दिला आणि वाटेस गूळपोळ्या बांधून दिल्या, आणि म्हणाल्या, "पुन्हा या, पण रिकाम्या हाताने या." तो म्हणाला, "अति तेथे माती," आणि या वेळेस म्हण बरोबर लागली म्हणून सर्वांनी त्यास मुजरा केला. त्याच्या जहाजाची शिडे वाऱ्याने भरली आणि ते निघून गेले.

पुढे राज्यात जे जाहले ते थोडक्यात. तक्ते वाढले, चक्क्या वाढल्या, शेजारच्या राज्याने वीज मागितली आणि महाराजांनी हो म्हटले, हे त्यांचे आयुष्यातले दुसरे हो. दाजीबा रोज सकाळी अनवाणी माळावर जाऊन तक्त्यांवरली धूळ पुशीत, कारण वडिलांपुढे मळक्या तोंडाने बसू नये. एक गोष्ट मात्र अडली. पंतांचे म्हणणे की दर्याची भरती ओहोटी फुकट जाते, तीवरही चाक फिरेल, आणि त्यात सर्वांहून अधिक जोर आहे. दरबारात विचार जाहला तेव्हा दाजीबांनी दाखवून दिले की, नदी आपली लेक, तर दर्या आपला जावई, आणि जावयास कामास लावणे कोणत्याही रीतीत बसत नाही. यावर अद्याप मसलत चालू आहे, आणि तोवर जावई दिवसातून दोन वेळा येऊन धक्क्याशी डुलत उभा राहतो, आणि ताईसाहेब त्यास पायरीवरून पाहतात.

तात्पर्य इतकेच की, या राज्यास देवाने काही उणे केले नव्हते. उन्हास, वाऱ्यास, पाण्यास आपले काम कोणी शिकवावे लागले नाही. राज्याने जे मोठे कृत्य केले ते हे, की मधून बाजूस सरकले. ते करावयास राजांच्या कित्येक पिढ्या लागल्या आणि एका बाईची एक दुपार. जैसे ऐकिले तैसे लिहिले, पदरचे घातले असेल ते गोड मानून घ्यावे, आणि लिहून उठलो तो अंगणात ऊन बरे पडले आहे, सबब लेखणी वाळत घातली आहे.